सत्तावीस चौकड्यांचं गाणं

शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावोगावी नमनाचे खेळे उभे राहतात. मृदंग-झांजांवर आधी नमन आणि गण होतो, गौळणीत पेंद्या आणि मावशी येऊन जातात आणि रात्र चढली की वगनाट्य सुरू होतं. या वगातले देव, राजे, असुर सगळ्यांच्या ओळखीचे असतात, पण कथानक पुष्कळदा मंडळाच्या लेखकाने स्वतः रचलेलं असतं. पुराणातला नायक उचलायचा आणि पुराणात न घडलेला प्रसंग त्याच्यावर बेतायचा, अशी ही रीत आहे. जगभरचे सुपरहिरोंचे चाहते हेच करतात आणि त्याला फॅन फिक्शन म्हणतात. आपल्याकडे हे लेखन रात्रभर जागणाऱ्या गावासमोर होतं. तिथे चूक लपत नाही.

दोन्हीकडच्या लेखकांपुढे एकच अडचण येते. आवडते दोन नायक वेगवेगळ्या काळातले असतात आणि त्यांची गाठ तर घालायची असते. त्यावर उपाय दोनच. एकाला खूप जगवायचं, नाहीतर एकाला काळाच्या पलीकडे धाडायचं. हे उपाय चालतात कसे आणि फसतात कुठे, ते सावकाश बघू.

खूप जगलेला नायक शोधायला कोकणातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. चिपळूणजवळ घाटात परशुरामाचं देऊळ आहे आणि ही भूमी त्यानेच समुद्र हटवून मिळवली, हे इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं. हा परशुराम रामायणात शिवधनुष्य मोडल्यावर रामासमोर उभा ठाकतो. महाभारतात तो अंबेसाठी भीष्माशी तेवीस दिवस लढतो, द्रोणाला अस्त्रं देतो, कर्णाला विद्याही देतो आणि शापही. कल्किपुराणात तो अजून न जन्मलेल्या कल्कीचा गुरू आहे. चिरंजीव पात्र कथेत बिजागरीचं काम करतं, ते असं. एक महाकाव्य दुसऱ्याला जोडायचं असेल तेव्हा दोन्हीकडे हजर असलेला माणूस लागतो.

पण त्याला आणला की लगेच एक प्रश्न उभा राहतो: त्याला काय काय आठवतं? ज्याने राम पाहिला, भीष्माची प्रतिज्ञा आणि तिचं फळ पाहिलं, तो आजच्या राजाची फसवणूक पहिल्या संवादातच ओळखेल. मग वग पुढे सरकायचा कसा? अमेरिकी कॉमिक्सच्या लेखकांना हीच अडचण वुल्वरिनच्या बाबतीत आली. त्याच्या जखमा आपोआप भरतात, म्हणून तो एकोणिसाव्या शतकापासून जिवंत आहे. लेखकांनी त्याची स्मृतीच काढून घेतली. कॅप्टन अमेरिकाला दुसऱ्या महायुद्धात बर्फात गोठवलं आणि १९६४ च्या अंकात बाहेर काढलं. तो मधली वर्षं जगलाच नाही, त्यामुळे त्याला जुनं सगळं आठवतं आणि नवं काहीच कळत नाही. मला या दोन्हींत बर्फ जास्त आवडतो. त्यात नायकाचं काही हिरावलं जात नाही आणि त्याचा गोंधळ खरा वाटतो.

तिसरी युक्ती इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या मराठी वाचकांना पाठ असेल. ली फॉकने १९३६ मध्ये निर्माण केलेला वेताळ जंगलातल्या लोकांना अमर वाटतो. वास्तविक तो एकविसावा वेताळ आहे. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. माणूस मरतो, नायक मरत नाही. नमनातला संकासुर याच जातीचा. काळे कपडे, उंच टोकदार मुखवटा आणि कमरेचे घुंगूर आले की पोरं पळत सुटतात. पुराणातला शंखासुर मत्स्यावताराने मारला, पण कोकणात तो दर शिमग्याला येतो. आतला माणूस कोण, हे गावाला माहीत असतं आणि तरीही संकासुर तोच असतो.

चिरंजीव पात्र घेताना त्याच्या वराची किंवा शापाची मूळ कलमं वाचून घ्यावीत, हा माझा आग्रह आहे. अश्वत्थामाच घ्या. कपाळावरची जखम घेऊन तो तेल मागत फिरतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि सात चिरंजिवांत त्याचं नाव पहिलं घेतो. पण महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्णाच्या शापाला मुदत आहे: तीन हजार वर्षं. परंपरेप्रमाणे कलियुग इ.स.पू. ३१०२ मध्ये लागलं आणि युद्ध त्याच्या छत्तीस वर्षं आधी झालं. हिशोब केला तर शाप इ.स.पू. दुसऱ्या शतकातच संपतो. मग आज नर्मदेच्या काठी भेटतो तो कोण? शाप संपल्यावरही तो का फिरतो आहे? जाखडीतल्या शक्तीवाल्या शाहिराने तुरेवाल्याला अडवावं, असा हा सवाल आहे. पुराणातली अशी गाठ शोधून समोरच्याला गाण्यातून कोड्यात टाकायचं, हीच तर शक्ती-तुऱ्याची खरी रंगत. लेखकाने तो सवाल आधी स्वतःला घालावा. त्याचं उत्तर हेच पुष्कळदा नवं कथानक असतं.

आता काळप्रवास. पुढच्या काळात जाण्याची सर्वांत नेटकी गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. कुशस्थलीचा राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिच्यासाठी वर कोण योग्य, हे ब्रह्मदेवालाच विचारायचं असतं. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो, तर ब्रह्मदेव हसतो: तुझ्या मनातले सगळे वर गेले, त्यांची मुलं-नातवंडं गेली, त्यांची नावंही उरली नाहीत. खाली सत्तावीस चौकड्या उलटल्या.

हा आकडा उगाच फेकलेला नाही. एक चौकडी म्हणजे चार युगं मिळून ४३,२०,००० वर्षं. सत्तावीस चौकड्यांची ११,६६,४०,००० वर्षं होतात. ब्रह्मदेवाचा दिवस एक हजार चौकड्यांचा आणि रात्र तेवढीच वेगळी. तो दिवस आपल्यासारखा बारा तासांचा धरा. मग सत्तावीस चौकड्या म्हणजे त्याच्या घड्याळात सुमारे साडेएकोणीस मिनिटं. रंगलेल्या एका गाण्याएवढा वेळ! हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा कथाकाराबद्दलचा आदर दुणावला. त्याने स्वर्गातल्या काळाचा नियम आधी ठरवला आणि प्रसंग त्या नियमात बसवला.

काळ सगळीकडे सारख्या गतीने जात नाही, हे आज भौतिकशास्त्रही सांगतं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वेगात जाणारं घड्याळ मंद चालतं आणि प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळचं घड्याळही मंद चालतं. मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या बोटीवरचं जीपीएस याच हिशोबावर उभं आहे. उपग्रहावरचं घड्याळ वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे धावतं. बेरीज-वजाबाकी करून ३८ मायक्रोसेकंद उरतात. ती दुरुस्ती केली नाही, तर स्थान दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने चुकत जाईल आणि तांडेलाला मासळीची जागा सापडायची नाही.

कथेला मात्र मायक्रोसेकंद पुरत नाहीत. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलेल्या नायकाचं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची सात. ककुद्मीसाठी तीन लाख कोटींहून जास्त पट हवी. तेवढा फरक पाडायचा तर कृष्णविवराच्या अगदी काठाशी जावं लागेल. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने जी कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तिचं नावच ‘कृष्णविवर’. वगलेखकाने यातून एवढंच घ्यावं की पुढे जाणं शक्य कोटीतलं आहे, पण ही वाट एकेरी आहे. ककुद्मीला आपल्या काळात परतता आलं नाही.

मागे जायचं म्हटलं की खरी कसोटी लागते. समजा, आजच्या रत्नागिरीतली एक मुलगी मागे जाते आणि कर्णाला सांगते, ‘गुरूशी खोटं बोलू नकोस.’ आता लेखकाला तीनपैकी एक नियम पाळावाच लागेल. पहिला नियम असा की झालेलं बदलत नाही. कर्ण तिचं ऐकतो, खरं सांगायला निघतो आणि तिच्याच एखाद्या शब्दामुळे खोटं बोलतो; म्हणजे ती गेली नसती तर शाप लागलाच नसता. दुसरा नियम, झालेलं बदलतं. कर्ण खरं बोलतो, परशुराम त्याला शिकवत नाही, शाप नाही आणि ब्रह्मास्त्रही नाही. कुरुक्षेत्राचं चित्र पालटतं. पण मग शापाची गोष्टच उरत नाही, ती मुलीने ऐकलेली नसते आणि ती मागे जाण्याचं कारणच नाहीसं होतं. हा पेच सोडवल्याशिवाय दुसरा नियम वापरू नये. तिसरा नियम, बदल केला की काळाला फाटा फुटतो. एका जगात कर्ण शापित, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही खरी.

तिसऱ्या नियमाचा मराठीतला उत्तम नमुना म्हणजे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. अपघातानंतर गंगाधरपंत अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागली नाही, चाटून गेली. तेवढ्या फरकाने मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा सगळा इतिहास बदलतो. २०१९ च्या ‘अव्हेंजर्स: एंडगेम’मध्येही हाच नियम आहे: भूतकाळात ढवळाढवळ केली तरी तुमचा वर्तमान बदलत नाही, वेगळी फांदी फुटते. मला पानिपताची कथा अधिक पटते. चित्रपटात शूरांची फौज लागते, इथे एका गोळीची दिशा पुरते.

नियम नीट बसवूनही कथा कोरडी राहते, कारण दीर्घ आयुष्याची किंमत कुणी मोजलेली नसते. ययातीने मुलाचं तारुण्य मागितलं, तिथे किंमत मुलाने मोजली. वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या कादंबरीत अलका, मुकुलिका अशी पात्रं घालून ती किंमत आणखी कुणाकुणाच्या पदरी पडली, हे दाखवलं.  

आणि ज्यांना खरा माणूस पाहायचा आहे, त्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे पाहावेत. जन्म १८५८, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण मुरुडचं. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला ते पायी गेले, तर वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले. हाच माणूस पुढे १०४ वर्षं जगला. सत्तावन्नच्या उठावानंतरच्या वर्षी जन्मून गागारिन अंतराळात जाऊन आल्यावर, १९६२ मध्ये गेला. विधवांसाठी काढलेला आश्रम, महिला विद्यापीठ, शंभराव्या वर्षातलं भारतरत्न ही एक बाजू. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, दुसरी पत्नी बाया १९५० मध्ये. १९५३ मध्ये मुलगा रघुनाथ गेला, तेव्हा वडील ९५ वर्षांचे होते. दीर्घायुषी नायक लिहिणाऱ्याने ही तीन सालं शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

भागवतकाराला ही किंमत माहीत होती. ककुद्मी खाली येतो, ब्रह्मदेवाने सांगितल्याप्रमाणे बलरामाला मुलगी देतो आणि बदरीला तपाला निघून जातो. राहण्यासारखं त्याचं इथे कुणी उरलेलं नसतं. रेवती मात्र राहते. विष्णुपुराण सांगतं की जुन्या काळातली म्हणून ती फार उंच होती आणि बलरामाने नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या मापाची केली. ब्रह्मलोकातलं ते गाणं तिनेही ऐकलं होतं. तिच्याही मैत्रिणी, तिचीही आई त्या वीस मिनिटांत गेली होती. पण भागवताच्या त्या अध्यायात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. एवढी मोठी जागा पुराणाने मोकळी सोडली आहे. एखाद्या मंडळाने पुढच्या शिमग्याचा वग तिथून उचलावा, द्वारकेतल्या तिच्या पहिल्या रात्रीपासून.