शिक्षा संपल्यानंतरची शिक्षा

आपल्याकडे बंदूक बाळगावयाची तर सरकारचा परवाना लागतो. परवाना ही सवलत आहे, हक्क नव्हे. अमेरिकेत गोष्ट निराळी आहे. १७९१ साली त्या देशाच्या घटनेत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केला, आणि हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. म्हणूनच, गुन्हेगार ठरलेल्या माणसाने शिक्षा भोगल्यावर त्याला हा हक्क परत मिळावा काय, हा तेथे मोठ्या वादाचा विषय आहे.

१९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, एक वर्षाहून अधिक कारावास होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला, काही अपवाद सोडता, बंदूक जवळ ठेवता येत नाही. ‘होऊ शकेल’ या शब्दांतच सारी मेख आहे. प्रत्यक्ष शिक्षा किती झाली हे कायदा पाहत नाही. पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाने सरकारी अन्नसाहाय्य मिळविण्यासाठी आपले उत्पन्न खोटे सांगितले व १९९५ साली गुन्हा कबूल केला. त्याला तुरुंगवास झाला नाही. देखरेखीखाली राहून त्याने रक्कम परत केली. परंतु त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता, म्हणून दरोडेखोर आणि तो या कायद्यापुढे एकाच ओळीत बसले. शिवाय या बंदीला मुदत नाही.

मग सुटकेची वाट कोणती? राज्याच्या न्यायालयात शिक्षा झाली असेल तर त्या राज्याने क्षमा केल्यास, किंवा नागरी हक्क परत दिल्यास, केंद्रीय बंदीही सामान्यतः उठते. मात्र प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. केंद्रीय न्यायालयात शिक्षा झालेल्यांना राज्याची कृपा उपयोगाची नाही, असे १९९४ साली ठरले. त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांचे क्षमादान उरते, किंवा कायद्यानेच ठेवलेला अर्जाचा मार्ग. अर्जदार समाजाला धोकादायक नाही अशी खात्री पटल्यास केंद्र सरकार बंदी उठवू शकते, असे कायदा म्हणतो.

हा मार्ग कागदावर राहिला, पण वापरातून गेला. मद्य, तंबाखू व बंदुका यांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीकडे हे अर्ज येत. १९९२ पासून तेथील संसदेने अर्थसंकल्पातच अट घातली, की व्यक्तींचे असे अर्ज तपासण्यावर एक डॉलरही खर्च करू नये. टेक्सासमधील एका बंदूक-विक्रेत्याचा अर्ज असाच न तपासता परत आला. तो न्यायालयात गेला. पण अर्ज न पाहणे म्हणजे नाकारणे नव्हे, आणि नकारच नसेल तर न्यायालयाने तपासावयाचे काय, असा निकाल २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

संसदेची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. एका अर्जाचा निर्णय चुकला तर निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो. परंतु धोका आहे म्हणून पारख अधिक कसोशीने करणे वेगळे, आणि पारखच बंद करणे वेगळे.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या गृहस्थाला तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने २०२३ साली, व फेरविचारानंतर पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, न्याय दिला. इतर काही अपील न्यायालयांचे मत मात्र उलट पडले. मार्च २०२५ मध्ये न्याय खात्याने अर्जांचा अधिकार त्या कचेरीकडून काढून घेतला, आणि जुलैमध्ये नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. हिंसक गुन्हेगारांना सवलत सहसा मिळू नये, असा त्याचा रोख होता.

बंदुका कोणाच्या हाती असाव्यात, याविषयी आपले मत काहीही असो. या इतिहासातून एक गोष्ट आम्हांला घेण्यासारखी वाटते. कायद्याने अर्ज करण्याची मुभा दिली आणि तो वाचणारा माणूसच नेमला नाही, तर ती मुभा पोकळ ठरते. ‘नाही’ हे उत्तर कडू असले तरी ते उत्तर असते. त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. मौनाविरुद्ध दाद कोठे मागावयाची?