रात्रपाळीतील अकराजण

माझ्या लिहिण्याच्या मेजावर चिनी मातीचा एक पांढरा मग असतो आणि त्याच्या पोटावर आरे कॉलनीतील दुग्धशाळेच्या बाटल्या भरण्याच्या खात्यातील अकरा कामगारांचे कृष्णधवल छायाचित्र उमटवलेले आहे. मूळ छायाचित्र माझ्या एका स्नेह्यांच्या घरचे असून त्यांचे वडील त्यात डावीकडून तिसरे उभे आहेत. वडिलांच्या जन्मशताब्दीनिमित्त स्नेह्यांनी नातवंडांसाठी असे मग करवून घेतले आणि आरेविषयीचा माझा जुना ध्यास ठाऊक असल्यामुळे त्यांतला एक मलाही दिला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलवून नागरिकांस शुद्ध दूध पुरवावे, या हेतूने १९४९ मध्ये सरकारने गोरेगावच्या पूर्वेस सुमारे १,२८७ हेक्टरांवर ही वसाहत उभारली; दारा खुरोडी तिचे शिल्पकार, आणि १९५१ मध्ये पंडित नेहरू तेथे येऊन गेले. ३२ तबेले आणि सुमारे १६,००० जनावरे, हा तिचा पसारा. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडींना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मिळाला. त्या भूमीवर वारली, कोकणा आणि मल्हार कोळी यांचे पाडे या सर्वांच्या आधीपासून होते, हे मात्र वसाहतीची कथा सांगताना प्रथम सांगावयास हवे, असे माझे मत आहे.

परंतु माझे मन रमते ते बाटलीत. रिकामी बाटली केंद्रावर द्यावी, भरलेली घ्यावी, आणि अल्युमिनियमच्या झाकणाच्या रंगावरून आतले दूध ओळखावे, हा पहाटेचा व्यवहार माझ्या पिढीने जन्मभर हृदयात जपला आहे. त्या बाटलीमागचे श्रम मात्र केंद्रावर कधी दिसत नसत. परत आलेल्या बाटल्या कढत सोड्याच्या पाण्यातून यंत्राने धुतल्या जात. मग प्रकाशित पडद्यासमोरून त्या सरकत असताना कामगाराने डोळ्यांनी प्रत्येक बाटली पारखायची, काठ उडालेली वा तळाशी डाग राहिलेली बाजूला काढायची. ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केलेले दूध त्यात पडे, वर झाकण दाबले जाई, आणि बाटल्या तारेच्या पेट्यांत चढत. काचेवर काच आपटण्याचा तो अखंड आवाज स्नेह्यांच्या वडिलांच्या कानांत इतका भिनला होता, की सेवानिवृत्तीनंतरही ते घरात उंच स्वरातच बोलत. छायाचित्रातील अकराजण याच रात्रपाळीचे : पांढऱ्या टोप्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पायांखाली ओली फरशी.

त्या बाटल्यांतील टोन्ड दूध हेही खुरोडींच्याच कल्पकतेचे फळ. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणावयाचा, म्हणजे तेवढ्याच दुधात अधिक घरांची गरज भागते आणि किंमतही सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. गवळ्याने चोरून घातलेले पाणी आणि उघडपणे प्रमाण ठरवून, पोषण सांभाळून केलेली ही मिसळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मला ही त्या काळातील मोठ्या लोकहिताच्या शोधांपैकी एक वाटते.

आता मगाकडे वळतो. छायाचित्र विशिष्ट शाईने कागदावर उलटे छापतात, तो कागद मगाभोवती गुंडाळून यंत्रात १८० ते २०० अंश उष्णतेवर काही मिनिटे दाबतात. शाईचा रंग द्रव न होता थेट वायू होतो आणि मगावरील पॉलिमरच्या लेपात शिरून स्थिरावतो. यालाच संप्लवन म्हणतात. चित्र मातीत नव्हे, लेपात असते, म्हणून खरखरीत घासणीने ते झिजते. जुनी रीत निराळी : झिलईवर रंगाची चिकटचित्रे बसवून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजत, तेव्हा रंग झिलईशी एकजीव होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये लाफाँ द कामार्साक याने छायाचित्रे अशीच भाजून टिकाऊ केली, आणि पुढे युरोपातील थडग्यांवर मृतांचे चेहरे चिनी मातीत दिसू लागले. पैसा असता तर या अकरांसाठी मी भट्टीच निवडली असती.

यंत्राचा दाब मगाच्या कानापाशी पोहोचत नाही, तेथे पट्टा कोरा राहतो. पहिल्या नमुन्यात त्या कोऱ्या पट्ट्यामुळे दोन टोकांचे दोन कामगार छाटले गेले होते. छपाई करणाऱ्याने मधले चेहरे मोठे दिसतील म्हणून तसेच ठेवण्याचा आग्रह धरला. स्नेह्यांनी ऐकले नाही. चित्र लहान करून अकराही बसवून घेतले, त्यामुळे चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे झाले आहेत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे हा मग घेऊन आरेत गेलो. पिकनिक पॉइंटजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि दुपारी स्नेह्यांच्या वृद्ध आईला तो दाखवला. चष्मा कपाळावर सारून, मग डोळ्यांशी नेऊन, हळूहळू फिरवीत त्यांनी सातजणांची नावे सांगितली; कोणाच्या लग्नाला गेलो होतो, कोणाचा मुलगा वसईला असतो, हेही सांगितले. मग कानापाशी आला तेव्हा त्या थांबल्या. "हे चौघे दुसऱ्या पाळीतून बदली आले होते गं," असे शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवू लागल्या.