इस्लामी बालसंगोपन आणि मैदानी खेळ

इस्लामी बालसंगोपनात (तरबियत) मूल ही ईश्वराने पालकांकडे सोपवलेली ठेव, म्हणजेच अमानत मानली जाते. या ठेवीच्या जपणुकीत श्रद्धेच्या संस्कारांबरोबर मुलाच्या शरीराची व मनाची काळजीही अभिप्रेत असल्याने मोकळ्या हवेतील खेळाला या परंपरेत स्थान आहे.

धार्मिक आधार

कुराणातील यूसुफ या अध्यायात भाऊ लहानग्या यूसुफला खेळण्या-बागडण्यासाठी सोबत पाठवण्याची विनंती वडील याकूब यांना करतात. भावांच्या मनात कपट असले, तरी याकूब खेळाला आक्षेप घेत नाहीत; त्यांना मुलाचा विरह आणि लांडग्याचे भय सतावते. हदीस वाङ्मयात याविषयीचे अनेक प्रसंग आहेत. नमाजात सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, म्हणून मुहम्मद पैगंबरांनी सजदा लांबवला. अबू उमैर या बालकाच्या लहानशा पक्ष्याची ते आपुलकीने विचारपूस करीत. ईदच्या दिवशी मशिदीत चाललेला हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ त्यांनी पत्नी आयेशा यांना पाहू दिला, तसेच त्यांच्याशी धावण्याची शर्यतही लावली.

गझाली यांचा विचार

तत्त्वचिंतक अल-गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आहे. मकतबमधून सुटल्यावर मुलाला शीण घालवण्यापुरते खेळू द्यावे, असे ते सांगतात. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपल्यास मुलाचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि ते अभ्यास टाळण्याच्या युक्त्या शोधू लागते, असा इशाराही ते देतात.

मानसिक लाभ

लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांसारख्या खेळांत मुलाला नियम लक्षात ठेवावे लागतात, आपल्या पाळीची वाट पाहावी लागते आणि प्रतिपक्षाची चाल ओळखून ऐनवेळी बेत बदलावा लागतो. यातून एकाग्रता व आत्मसंयम वाढीस लागतात. हार पचवणे आणि भांडण आपसांत मिटवणे हे धडेही मैदानावरच मिळतात. इस्लामी नीतिशास्त्रातील सब्र (संयम) व अद्ल (न्याय) या मूल्यांचा सराव येथे उपदेशाविना होतो.

लक्ष केंद्रित करण्यात अडचण असलेल्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उद्यानात २० मिनिटे चालल्यानंतर त्यांची एकाग्रता सुधारल्याचे आढळले. डेन्मार्कमधील ९ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, बालपणी हिरवळीच्या सान्निध्यात राहिलेल्यांमध्ये पुढे मानसिक विकारांचे प्रमाण कमी दिसले. मात्र अशा पाहणीतून परस्परसंबंध दिसतो, थेट कारण सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटांच्या मध्यम ते जोमदार शारीरिक हालचालीची शिफारस करते.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर ‘नई तालीम’चा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन हे इस्लामी व आधुनिक अशा दोन्ही विद्यापरंपरांशी परिचित होते. हात, शरीर आणि बुद्धी यांचे शिक्षण एकमेकांपासून तोडू नये, हे या योजनेचे मुख्य सूत्र होते.

वर्धा–यवतमाळ मार्गावरील देवळीसारख्या विदर्भातील गावांत उन्हाळ्यात दुपारचा खेळ धोक्याचा ठरतो. अशा वेळी सकाळ, तसेच असर व मगरिब या नमाजांमधील ऊन उतरल्यानंतरचा काळ सोयीचा असतो. दिवेलागणीला मुलांना घरात घ्यावे, या हदीसमधील सूचनेशीही ही वेळ सुसंगत आहे.

मर्यादा आणि अडचणी

खेळामुळे नमाज चुकू नये, पोशाख शालीन असावा आणि कोणाला इजा होऊ नये, अशा अटी धर्मपंडित सांगतात. पैसे वा वस्तू पणाला लावून खेळणे जुगार असल्याने निषिद्ध आहे.

प्रत्यक्षात शाळा, मकतब आणि शिकवणी यांत दिवस सरल्यास खेळाला वेळ उरत नाही. मुली वयात येऊ लागताच त्यांचे मैदान बहुधा सुटते. आयेशा यांच्या शर्यतीचा दाखला पाहता याचे मूळ धर्माज्ञेपेक्षा सुरक्षित जागेचा अभाव आणि सामाजिक संकोच यांत अधिक आहे, असे म्हणता येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. त्यामुळे मुलींना आपल्या शाळेच्या आवारातच खेळण्याची सोय मिळणे महत्त्वाचे ठरते.