वीस चोक ऐंशी

मिसिसिपी राज्यातला एक कायदा 14 मे 2021 रोजी विसाच्या पाढ्यात अडकून मेला. आदल्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी कौल दिला होता, की रुग्णांना औषध म्हणून गांजा मिळावा. प्रस्ताव ना सरकारचा होता, ना आमदारांचा. नागरिकांनीच सह्या गोळा करून तो मतपत्रिकेवर आणला होता. मात्र राज्यघटनेत एक अट होती : लागणाऱ्या सह्यांपैकी एक-पंचमांशाहून जास्त सह्या अमेरिकी संसदेच्या कोणत्याही एका मतदारसंघातून धरायच्या नाहीत. अट लिहिली तेव्हा मतदारसंघ पाच होते. 2000 च्या जनगणनेनंतर चार उरले. वीस पंचे शंभर, पण वीस चोक ऐंशीच! लाखो सह्या आणल्या तरी हिशेब ऐंशी टक्क्यांच्या पुढे सरकणार नव्हता. एका महापौरबाईंच्या याचिकेवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी प्रस्ताव रद्द केला. त्याच फटक्यात नागरिकांचा प्रस्ताव मांडण्याचा रस्ताही बंद झाला.

अमेरिकेत गांजा कायदेशीर कसा झाला, हे शोधताना मला गांजापेक्षा हे गणितच जास्त भेटत गेले.

आमदार ऐकत नसतील तर ठरावीक सह्या जमवून कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे ठेवायचा, हा हक्क सर्वांत आधी 1898 मध्ये साउथ डकोटाने दिला. कॅलिफोर्नियात तो 1911 मध्ये आला. तिथे विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या मुठीत गेल्याचा राग लोकांत होता आणि गव्हर्नर हायरम जॉन्सन त्याच लाटेवर निवडून आले होते. आज सुमारे निम्म्या राज्यांत ही सोय आहे, देशपातळीवर नाही.

कॅलिफोर्नियात गांजा पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला तो 1972 मध्ये, आणि सपाटून पडला. वारे फिरले ते एड्सने. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इस्पितळात मेरी रॅथबन नावाच्या आजीबाई एड्सच्या रुग्णांची स्वयंसेवक म्हणून सेवा करीत. अन्न पोटात न ठरणाऱ्या त्या पोरांसाठी त्या घरी गांजा घालून ब्राऊनी भाजत आणि वाटत. तीनदा अटक झाली, तरी भट्टी थंड पडली नाही. त्यांचे मित्र डेनिस पेरॉन यांचा जोडीदार एड्सनेच गेला होता. पेरॉन यांनी पुढाकार घेतलेला 215 क्रमांकाचा प्रस्ताव 1996 मध्ये सुमारे 56 टक्के मतांनी मंजूर झाला आणि औषधी गांजाला पहिल्यांदा एका राज्याची मान्यता मिळाली.

पुढची उडी 6 नोव्हेंबर 2012 ची. कोलोराडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी प्रौढांना हौसेखातरही गांजा मोकळा केला. कोलोराडोचे गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांचा विरोध होता, पण निकाल लागल्यावर अंमलबजावणी त्यांच्याच गळ्यात आली. मतदारांच्या मदतीशिवाय, निव्वळ विधिमंडळाच्या कायद्याने हे करणारे पहिले राज्य व्हरमाँट. तेही 2018 मध्ये. आमदारांना धीर यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला.

मात्र लोकांचा प्रस्ताव म्हणजे लोकांचाच, असेही नाही. सह्या गोळा करायला पगारी माणसे लागतात, जाहिरातींना पैसा लागतो. ओहायोत 2015 मध्ये मोहिमेला पैसे पुरवणाऱ्यांनी गांजाच्या व्यापारी लागवडीचे दहा भूखंड आपल्याकडेच राहतील अशी तजवीज थेट घटनादुरुस्तीत करून घेतली होती. मतदारांनी ती ओळखली आणि प्रस्ताव आपटला. मक्तेदारीचे ते कलम नसलेला प्रस्ताव 2023 मध्ये त्याच मतदारांनी 57 टक्क्यांनी मंजूर केला. फ्लोरिडात 2024 मध्ये ट्रूलीव्ह या एकाच गांजा कंपनीने अशाच प्रस्तावासाठी 14 कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. मते पडली सुमारे 56 टक्के, पण लागत होती 60. गंमत अशी, की ही साठ टक्क्यांची अट 2006 मध्ये मतदारांनीच घातली आणि तिला स्वतःला 58 टक्केही मते नव्हती! आणि ज्या साउथ डकोटाने हा हक्क जन्माला घातला, तिथे 2020 मध्ये मंजूर झालेला गांजाचा प्रस्ताव न्यायालयाने रद्द केला. कारण, एका प्रस्तावात एकच विषय हवा.

हे वाचताना महाराष्ट्रातली आडवी बाटली आठवली. तिथे मागणी उलटी, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याची. पण रीत तीच. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या द्यायच्या, त्या पडताळायच्या, मग उभी बाटली की आडवी यावर मतदान. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत, नुसती झालेल्या मतदानातली नव्हेत. म्हणून घरी राहिलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ऊसतोडीला परगावी गेलेलीही. आणि वारलेल्या ज्या म्हातारीचे नाव अजून यादीतून निघालेले नाही, तीसुद्धा दुकान चालू ठेवण्याच्या बाजूने उभी असते.