कर्जाच्या घरावर मंडळींचे नाव



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय घराचा आहे. उसाच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाने आम्हाला ओट्यावर बसवून विचारले, "साहेब, घर बँकेकडं गहाण हाय. हप्ते दोघं राबून फेडतोय, पण कागदावर मी एकटाच. मंडळींचं नाव लागतं का?" आम्ही शेतकी खात्याची माणसे, वकील नव्हे. पण जाणत्यांना विचारून जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडावे.

नाव लागते. घर गहाण टाकले म्हणून मालकी जात नाही. मात्र रीत पाळावी लागते.

पुष्कळांना वाटते, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव चढवले की झाले. पती-पत्नी दोघांच्या नावे घर लावावे, असे ग्रामविकास खात्याचे २० नोव्हेंबर २००३ चे परिपत्रक आहे. ते जरूर करावे. परंतु नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. हिस्सा द्यायचा तर नोंदणी केलेले बक्षीसपत्र हवे. त्याची पायरी अशी :

१) आधी बँकेला लेखी अर्ज द्या. मूळ कागद तिच्याकडे असतात, आणि परवानगीशिवाय हस्तांतर करू नये अशी अट कर्जाच्या करारात बहुधा असते. ना-हरकत लेखीच घ्या. बँक मंडळींना सहकर्जदार म्हणून सही करायला सांगू शकते.

२) बक्षीसपत्रात किती हिस्सा दिला ते लिहा, गहाणाचा उल्लेख करा. दोन साक्षीदार आणि घेणाऱ्याची स्वीकृती हवी.

३) दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. राहते घर पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व नोंदणी फी वेगळी, ती तिथेच विचारा.

४) मग नमुना ८ ला, शहरात मिळकत पत्रिकेला, नोंद करून घ्या.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मालकीच्या कागदावरचे नाव म्हणजे हक्क, कर्जाच्या कागदावरचे नाव म्हणजे जबाबदारी. किती तरी घरांत बाईची सही फक्त कर्जावर आहे. म्हणजे हप्त्याला ती वाटेकरी, घराला नाही!

याने फरक काय पडतो? हिशेबच मांडू. घर स्वकष्टाचे, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र न करता तो गेला. मागे आई, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पाच सारखे हिस्से पडतात, पत्नीला एक पंचमांश. तेच घर आधी निम्मे तिच्या नावे केले असते, तर तिचे निम्मे कायम आणि उरलेल्या निम्म्यातला पाचवा वाटा, म्हणजे पाचांतले तीन हिस्से तिचे झाले असते. उद्या कोणी "ऊठ" म्हणाले तरी तिला उठावे लागले नसते.

दोन इशारे. बक्षीस दिलेला हिस्सा मनात आले म्हणून परत घेता येत नाही. आणि घर वडिलोपार्जित, एकत्र असेल, तर आधी वाटणी पाहा, वकिलाचा सल्ला घ्या.

जमिनीची गोष्ट वेगळी आहे. सातबारावर सोसायटीचा बोजा असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे कर्ज पुरते फिटेपर्यंत ती जमीन हस्तांतर करता येत नाही. केलेले हस्तांतर रद्द ठरते. म्हणून आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, तिची चौकशी तलाठ्याकडे करा.

बेणे मळ्यात, खुरपणीत, जनावरांत जी राबते, तिचे नाव कागदावरही असावे. ओट्यावरच्या त्या सभासदाने अर्ज लिहून आणला आहे. त्याखाली सह्या दोघांच्या आहेत.