महाशीर मासेमारीतील कृत्रिम आमिष

महाशीर मासेमारीतील कृत्रिम आमिष म्हणजे महाशीर माशाला गळाकडे ओढून घेण्यासाठी धातू, लाकूड, प्लॅस्टिक, पिसे इत्यादींपासून बनविलेली त्याच्या भक्ष्याची प्रतिकृती होय. गांडूळ किंवा कणकेची गोळी यांसारखे नैसर्गिक आमिष गंध व चव यांमुळे माशाला आकर्षित करते. कृत्रिम आमिषाला गंध व चव नसते; त्याचा सारा भर हालचाल, चकाकी, आकार आणि कंप यांवर असतो. त्यामुळे कोणते आमिष निवडावे हा प्रश्न वस्तुतः नदीची त्या दिवशीची स्थिती आणि माशाचा त्या ऋतूतील आहार ओळखण्याचा प्रश्न ठरतो. सह्याद्रीतील नद्यांत पावसाळा संपून पाणी निवळू लागते, त्या हंगामारंभी ही निवड विशेष महत्त्वाची असते.

पार्श्वभूमी

दख्खनच्या नद्यांत आढळणाऱ्या महाशीराचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. वर्णनासाठी वापरलेला मासा पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरवर, 'मोटा मोला' नदीत मिळाल्याची नोंद त्यांनी केली आहे. ही नदी म्हणजे आजची मुळा-मुठा. पुण्यातील संगमानंतर ती मुंढवा, हडपसर, मांजरी, थेऊर या भागांतून पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते. साइक्स यांनी दिलेले अंतर ढोबळमानाने हडपसर-मांजरी पट्ट्याच्या आसपास येते. एखाद्या जातीचे प्रथम वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून होते, त्या ठिकाणाला प्राणिशास्त्रात कायमचे महत्त्व असते. त्या अर्थाने दख्खनी महाशीराचे मूळ स्थान पुण्याच्या पूर्व सीमेवर आहे.

साइक्स यांनी अनेक माशांची शास्त्रीय नावे स्थानिक मराठी नावांवरून ठेवली. 'खुद्री' हे त्यांपैकीच एक. 'अलकुटी' हे दुसरे नाव एका चिमुकल्या चंदेरी माशाचे असून त्यात मराठीतील 'आळकूट' हा शब्द ओळखू येतो. असे लहान, चमकदार मासे हे मोठ्या माशांचे भक्ष्य असते आणि महाशीरासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक धातूच्या आमिषांत त्यांचेच अनुकरण केलेले असते.

भारतातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सुलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. महाशीरासाठी आमिष कसे वापरावे याची तपशीलवार चर्चा करणाऱ्या प्रारंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

आमिषांचे प्रकार

चमचा : चमच्याच्या पसरट भागासारखा खोलगट धातूचा तुकडा. पाण्यातून ओढल्यावर तो डोलतो आणि जखमी माशाप्रमाणे मधूनमधून चकाकतो. अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल यांनी १८५२ साली त्याचे एकस्व मिळविले. महाशीरासाठी हे आमिष दीर्घकाळ लोकप्रिय राहिले आहे. त्याच्या फिरण्याने दोऱ्याला पीळ पडतो, म्हणून दोरा व आमिष यांच्यामध्ये फिरकीची कडी जोडतात.

स्पिनर : यात मधल्या तारेभोवती धातूचे पान गरगर फिरते. त्यामुळे निर्माण होणारा कंप माशाला अंगावरील पार्श्वरेषेच्या साहाय्याने जाणवतो. पाणी धूसर असताना हा गुण उपयोगी पडतो.

प्लग : लाकूड किंवा प्लॅस्टिकचा माशाच्या आकाराचा ठोकळा. पुढच्या बाजूस बसविलेल्या लहान पट्टीमुळे तो ओढताच बुडी मारतो व डुलत पोहतो. फिनलंडचे लाउरी रापाला यांनी १९३६ साली बनविलेला प्लग या प्रकारातील विशेष प्रसिद्ध नमुना होय.

कृत्रिम माशी : पिसे, केस व धागा गळावर गुंडाळून केलेली कीटकाची किंवा लहान माशाची प्रतिकृती. ती वजनाने अत्यंत हलकी असल्याने तिच्यासाठी वेगळी काठी व जाड दोरी लागते.

हंगामारंभी निवड

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर नद्या गढूळ व वेगवान असतात. याच काळात महाशीराची वीणही होते, त्यामुळे या दिवसांत त्याला न पकडणे हिताचे मानले जाते. ऑक्टोबरपासून प्रवाह ओसरतो व पाणी निवळू लागते. या सुमारास आमिष निवडताना पुढील बाबी विचारात घेतात.

पाण्याचा निवळपणा : पाणी मातकट किंवा हिरवट असताना पितळी अथवा तांबूस चमचा, तसेच अधिक कंप देणारा स्पिनर योग्य ठरतो. तळ दिसू लागला की चकाकी कमी करून लहान, चंदेरी किंवा मंद रंगाचे आमिष वापरतात. स्वच्छ पाण्यात जाड दोरा व झगझगीत धातू यांमुळे मासा बिचकतो.

भक्ष्याचा आकार : पावसाळ्यात जन्मलेली माशांची पिल्ले हंगामाच्या आरंभी लहान असतात. काठालगतच्या उथळ पाण्यात त्यांचे थवे पाहून तेवढ्याच लांबीचे आमिष निवडणे इष्ट असते. मोठा मासा हवा म्हणून मोठे आमिष, हा समज दर वेळी खरा ठरत नाही.

खोली व प्रवाह : खळाळ जेथे डोहात उतरतो ती जागा महाशीराला मानवते. वेगवान धारेत वजनदार चमचा खाली राहतो, तर संथ डोहात हलका किंवा तरंगता प्लग उपयोगी पडतो. आमिष खडकांत वारंवार अडकत असेल तर ते जागेच्या मानाने जड आहे असे समजावे.

वेळ व प्रकाश : पहाटे व सायंकाळी मासे उथळ भागात येतात, तेव्हा पृष्ठभागाजवळून जाणारे आमिष चालते. भर दुपारी खोल पाण्यातून आमिष सावकाश ओढावे लागते.

गळाची मजबुती : महाशीराच्या जबड्यांत दात नसतात, ते घशात असतात. तरीही त्याच्या तोंडाची पकड इतकी जबर असते की नाजूक गळ वाकतो किंवा मोडतो. म्हणून तयार आमिषावरील तकलादू गळ काढून त्या जागी भक्कम गळ बसवितात.

महाशीर मिश्राहारी आहे. तो शेवाळ, काठावरच्या झाडांची पडलेली फळे, कीटक व शिंपल्यांतील जीवही खातो. नदीवर झुकलेल्या उंबराची फळे पडू लागली, की त्याखाली जमलेल्या माशांना माशाच्या आकाराच्या आमिषाचे आकर्षण उरेलच असे नाही.

अन्य देशांतील पद्धतीशी तुलना

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर लाटांत उभे राहून पट्टेदार बास हा मासा पकडतात. तेथील हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो. त्या वेळी पाणी थंड असल्याने मासा मंद असतो. म्हणून लहान आमिष सावकाश ओढण्याची पद्धत आहे. पाणी तापून मोठे भक्ष्य किनाऱ्याशी आले की आमिषाचा आकार व वेग वाढवितात. सह्याद्रीत हंगामारंभीची अडचण थंडीची नसून गढूळपणाची असते, त्यामुळे तेथील नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र आमिष सवयीने न निवडता पाणी व भक्ष्य पाहून निवडावे, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

संवर्धन आणि जबाबदारी

महाराष्ट्रात काही ठिकाणी श्रद्धेने महाशीराचे रक्षण होत आले आहे. रायगड जिल्ह्यातील महाडजवळची वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यातले तिळसे ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा देवडोहांत मासेमारी निषिद्ध असते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन केले जाते व पिल्ले जलाशयांत सोडली जातात.

मासे सोडणे नेहमीच हितकारक ठरते असे नाही. कावेरीत दख्खनी महाशीराचे बीज सोडले गेल्यानंतर तेथील मूळचा कुबड असलेला महाशीर कमी होत गेला. ही घट दाखविणाऱ्या २०१५ सालच्या अभ्यासाचा आधार होता तो गळाने मासे पकडून सोडणाऱ्यांनी ठेवलेल्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा. कुबड असलेला महाशीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदविला गेला. हौशी मच्छीमाराची वही शास्त्रालाही उपयोगी पडू शकते, हे यावरून दिसते.

मासा पकडून सोडून द्यावयाचा असेल तर आमिषाची निवडही त्या दृष्टीने करावी लागते. तिहेरी गळाऐवजी एकेरी गळ लावल्यास व त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकल्यास जखम लहान होते आणि गळ लवकर निघतो. मासा ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच हाताळावा. तुटून राहिलेले दोरे व आमिषे नदीत सोडू नयेत, कारण त्यांत पक्षी व कासवे अडकतात. जलाशयांतील मासेमारीचे हक्क अनेकदा सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून पूर्वपरवानगी घेणे आवश्यक असते.

सद्यःस्थिती

ज्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून ही जात जगाला परिचित झाली, ती नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. हडपसरजवळच्या तिच्या पात्रात जलपर्णी व फेस वारंवार दिसतात. महाशीराला वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि वाळू-गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो. या गोष्टी नसलेल्या पात्रात चमचा कोणता, प्लग कोणता, हा प्रश्नच उरत नाही. आमिषाच्या निवडीसाठी प्रथम नदी पाहावी लागते. आणि ती पाहताना नदीचे आरोग्यही नजरेस येते, हे या छंदाचे शैक्षणिक मूल्य होय.