शपथ का मोडते?

दिवाळीच्या पुढेमागे कापूस जिनात जातो, चुकारा हाती पडतो आणि आपल्या वऱ्हाडात गावोगाव एक जुनाच देखावा पुन्हा दिसू लागतो. ज्याने आषाढीला विठोबापुढे हात जोडून 'आता थेंबालाही शिवणार नाही' असे म्हटले होते, तोच गडी कार्तिकात झोकांड्या खात पारापाशी येतो. बायको कपाळाला हात लावते. शेजारी म्हणतात, "तो कायची सोडते बाप्पा!" आणि शपथ घेणारा मुळातच खोटारडा होता, असा निकाल गाव देऊन मोकळे होते.

या निकालाविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. शपथ घेणारा माणूस त्या घडीला अगदी मनापासून बोलत असतो. त्याच्या डोळ्यांतले पाणी खरे असते, लेकराच्या डोक्यावर ठेवलेला हातही खरा असतो. मग शपथ मोडते कशी?

आपली बैलगाडीच घ्या. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. मग गाडीवान थोडे वजन पुढे सरकवतो आणि तोल साधतो. आपला मेंदू असेच करतो. दारू मेंदूचे काम मंदावते, त्याला गुंगी आणते. हे रोजचे झाले की मेंदू आपल्या परीने उलटे वजन टाकू लागतो, स्वतःला जास्त जागे, जास्त ताठ ठेवू लागतो. म्हणून तर पिणाऱ्याला पूर्वी एका पेल्यात जे चढत असे, त्याला पुढे तीन लागतात. आता एके दिवशी मागचे सारे ओझे एकदम फेकून दिले तर काय होईल? पुढचे वजन तिथेच असते. गाडी तोंडावर येते.

शपथ घेतल्यावर शरीराचे नेमके हेच होते. पहिल्याच दिवशी हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, मळमळते. फार वर्षे, फार प्रमाणात पिणाऱ्याला पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालताहेत असे वाटते, नसलेली माणसे दिसतात, माणूस बरळतो, पळू पाहतो. घरचे घाबरतात, बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावतात, कुणाला तरी झाडफूक करायला बोलावतात आणि मोलाचा वेळ त्यात जातो. मंडळी, ही बाधा नव्हे. हा आजार आहे, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर यात माणूस दगावतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर ज्याला घ्यावी लागते, घेतली नाही तर ज्याचे हात कापतात, त्याला घरच्या घरी कोंडून दारू सोडवायला जाऊ नका. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. तिथे कंप आणि फिट आवरणारी औषधे देतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, आणि आठवडाभराच्या आत शरीर बहुधा ताळ्यावर येते.

इथेच दुसरी एक गोष्ट सांगून टाकतो. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही एसटीच्या थांब्यावर, भिंतींवर वाचल्या असतील. चहातून, भाजीतून पूड द्यायची आणि नवऱ्याला कळूही द्यायचे नाही! त्या पुडीत काय असते हे देणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखर आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ साली त्याचा हा गुण जगापुढे मांडला. ते पोटात असताना दारू घेतली की जीव घाबरा होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. डॉक्टरच्या देखरेखीत, रुग्णाला सारे समजावून, त्याच्या संमतीने दिले तर काहींना त्याचा आधार होतो. चोरून दिले तर ते विषासारखे उलटू शकते. शिवाय ज्या घरात नवरा-बायकोचा एकमेकांवरचा विश्वास आधीच फाटलेला आहे, त्या घरात आणखी एक चोरी कशाला?

तर शरीर आठवड्यात सावरते. पण शपथ मोडते ती बहुधा त्यानंतर. मेंदूत आठवणी राहून गेलेल्या असतात. बाजाराचा दिवस, हातातली नोट, तो विशिष्ट रस्ता, तो विशिष्ट मित्र, तव्यावरच्या मिरचीचा ठसका यांपैकी काहीही पुरते, आणि तलफ उठते. भूक लागली असेल, डोक्यात राग असेल, माणूस एकटा पडला असेल किंवा दिवसभराच्या फवारणीने थकून गेला असेल, तर ती दुप्पट जोराने उठते. आता शपथ विठोबाच्या देवळात घेतलेली, आणि तलफ आलेली मंगळवारच्या बाजारात. तिथे त्याच्यासोबत कोण असते? सोबत असतात ते पिणारेच. ही तलफ बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते, पण तेवढा वेळ काढायचा कुठे आणि कुणाजवळ, हे शपथेत सांगितलेले नसते.

याचा दाखला शोधायला फार लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात झिंगराजी जाणोरकर नावाचे एक परीट राहत. त्यांना दारूचे व्यसन जडले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, शेवटच्या दिवसांत झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला आणि आपल्या मुलाला या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे त्यांनी पत्नी सखुबाईंना विनवले. १८८४ साली झिंगराजी गेले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. मायलेक आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आले. तो डेबू म्हणजेच पुढचे आपले गाडगेबाबा.

बाबांचे मोठेपण तुम्हाला मी सांगावे असे नाही. मला झिंगराजींकडे बोट दाखवायचे आहे. त्यांच्या पश्चात्तापात काय कमी होते? निश्चयाची भाषा त्यांच्याही तोंडी होती. कमी होती ती जागा. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाने जायचे कुठे, बसायचे कुणात, याची सोय त्या काळात कुठेच नव्हती. देवाचा नवस, जातीचे जेवण, जन्म, लग्न, मयत सगळ्या ठिकाणी दारू पंगतीलाच बसलेली.

मुलाने हे नेमके ओळखले होते असे वाटते. डेबूजींच्या मुलीचे बारसे होते. रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची. त्यांनी गोडाधोडाचे जेवण दिले. भाऊबंदांना हे रुचले नसणार, हे सांगायला नकोच. या प्रसंगाकडे आपण धैर्याचा नमुना म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण मला त्यात शहाणपणही दिसते. त्यांनी भाऊबंदांना शपथ घाला असे म्हटले नाही. पंगत मोडली नाही, माणसे हाकलली नाहीत. दारू तेवढी पंगतीतून उठवली. १९०५ साली घर सोडल्यावर दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन असा जो क्रम त्यांनी २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ देह ठेवीपर्यंत चालवला, त्यातही त्यांनी हेच केले. संध्याकाळी ज्या वेळी गुत्त्याची वाट आठवते, नेमक्या त्या वेळी शेकडो माणसे त्यांनी दुसऱ्या ठिकाणी एकत्र बसवली. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभे केले आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केल्या. त्यांचीही वेळ पाहा, तिन्हीसांजेचीच.

झिंगराजींना जी जागा मिळाली नाही ती पुढे जगात कशी तयार झाली, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी आले होते. काम फसले. दारू सोडून त्यांना पाचच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात ते एकटे, एका टोकाला दारूची खोली, हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय. त्यांनी काय करावे? दुसऱ्या टोकाला असलेल्या टेलिफोनकडे ते गेले आणि गावात आपल्यासारखाच दारूने बुडालेला कुणी भेटेल का, याची चौकशी सुरू केली. उपदेश करणारा त्यांना नको होता, आपल्यासारखा पाहिजे होता. त्यांना डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक शस्त्रवैद्य भेटले. दोघे तासन्तास बोलत बसले, आणि डॉक्टरांची दारू सुटली.

पण थांबा, एवढ्याने सुटली नाही! काही आठवड्यांनी डॉक्टर वैद्यांच्या एका परिषदेला परगावी गेले आणि तिथे पुन्हा पिऊन आले. आपल्याकडे असते तर गाव म्हणाले असते, 'पाहा, आम्ही सांगितले नव्हते?' बिल तसे म्हणाले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना घरी आणले, सावरले. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटची घेतली. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापना-दिवस मानला जातो. जगभर पसरलेल्या या मंडळाचा एक संस्थापकच असा पाय घसरलेला होता, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. हे मंडळ १९५७ पासून भारतातही काम करते आहे. फी नाही, नावनिशी नाही. आडनाव न सांगता एकेकाने उठायचे आणि आपली कहाणी सांगायची. जन्मभराची शपथ तिथे कुणी घेत नाही. 'आजचा दिवस घेणार नाही' एवढेच. उद्याचे उद्या. १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लुईस यांनी घरच्या माणसांसाठी अशीच वेगळी बैठक सुरू केली, कारण पिणाऱ्यासोबत घरही आजारी पडते.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर रुजवले ते डॉ. अनिता अवचट यांनी. त्या पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. तिथे पाच आठवडे राहायचे. पहिले काही दिवस औषधे, नंतर व्यायाम, काम, गटात बोलणे, घरच्यांशी बोलणे. विशेष म्हणजे पूर्वी तिथे रुग्ण म्हणून आलेलेच पुढे समुपदेशक झाले. नव्याने आलेला माणूस खोटे बोलू लागला की समोरचा हसतो, कारण तेच खोटे तो स्वतः दहा वर्षे बोललेला असतो! तुषार नातू यांनी आपला असा सारा प्रवास 'नशायात्रा' या पुस्तकात स्वतःच्या नावानिशी मांडला आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते असावे. तिथे व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात. कुणाचा पहिला, कुणाचा दहावा. मधे पाय घसरला तर मोजणी पुन्हा एकपासून. दार मात्र बंद होत नाही.

आता आपल्या गावात काय करता येईल? पुणे दूर आहे. मला वाटते, सुरुवात घरापासून दोन सवयी सोडून करावी. एक म्हणजे पांघरूण घालणे. त्याची उधारी चुकती करणे, तापाचे निमित्त सांगून मालकाला निरोप पाठवणे. दुसरी म्हणजे तो पिऊन आलेला असताना त्याच्याशी भांडणे. त्या वेळी ऐकायला तो तिथे नसतोच. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, आणि थोडके. "काल रात्री असं झालं, पोरगी भ्याली, आपण उद्या दवाखान्यात जाऊ." अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीचे इर्विन आहे, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मारहाण होत असेल तर मात्र थांबू नये. आजार म्हटले म्हणून मार सोसावा असे कुठल्याच शास्त्रात नाही.

आणि परत आलेल्या माणसाला चुकारा रोख हातात न देता बायकोसह बँकेत जमा होऊ द्यावा, काही महिने बाजारात एकट्याने धाडू नये, संध्याकाळी प्रार्थनेला, भजनाला, व्हॉलीबॉलला, कुठेही, पण चार माणसांत बसवावे. पारावरच्या मंडळींनी 'घे रे थोडीशी, आता तर सुटली ना तुही' अशी गंमत करू नये. ही गंमत मी ऐकलेली आहे, आणि तिच्याइतके निर्दय दुसरे काही मला माहीत नाही.

गुरुजनांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या वर्गात आज एखादा डेबू बसलेला आहे. तो सकाळी पेंगतो, कारण रात्री झोप झालेली नसते. गृहपाठाची वही फाटलेली असते, आणि ती कुणी फाडली हे तो सांगत नाही. २६ जूनला, विदर्भातल्या शाळा उघडतात त्याच सुमारास, व्यसनविरोधी दिनाची फेरी निघते आणि 'दारू पिणारा घराचा वैरी' असा फलक नेमका त्याच्या हाती येतो. तो फलक घेऊन त्याने कोणत्या घरापुढून जायचे? घोषणा असू द्या, पण बापाला शिवी देणारी नसावी. बापाकडून शपथ घेऊन ये, असे मुलाला सांगू नका. ती मोडली की त्याला वाटते, आपण कमी पडलो. बापाची दारू तुझ्यामुळे लागली नाही आणि ती सोडवणे तुझे काम नव्हे, हे त्याला एकदा एकट्यात सांगा. वही शाळेतच ठेवायची मुभा द्या. आणि खर्रा घोटत घोटत हे सांगू नका, गुरुजी! तंबाखूची तलफ दारूच्या तलफेची सख्खी बहीण आहे, मुले ते बरोबर पाहतात.

व्यसनमुक्तीसाठी सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४४६. मनाच्या इतर दुखण्यांसाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६, तो २०२२ पासून सुरू आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पुसले गेले तर पुन्हा लिहावेत.